वहीत लिहायचे तीन आकडे

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



काल रात्री उशिरापर्यंत गाणी आणि किस्से रंगले, त्यामुळे आज सकाळी तुम्हाला जागं ठेवणं हे काम सोपं नाही. संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल." एआयवर बोलणारे आजकाल चहाच्या टपरीवरही भेटतात. मी आज रक्तदाब आणि किडनी यांवर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. आपल्या बॅचचे दोन डॉक्टर समोरच बसलेत. हे भाषण मी त्यांना आधी वाचून दाखवलंय, त्यामुळे चुकलं तर त्यांनाही धरा.

हा विषय का, ते आधी सांगते. आपल्या दहावीला तीस वर्षं झाली. आपण सगळे पंचेचाळीस-शेहेचाळीसचे आहोत. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी मुलांच्या शाळाप्रवेशाची चर्चा असायची, मग गृहकर्जाची. आता गुडघे, चष्म्याचा नंबर आणि "बीपीची गोळी सकाळी घ्यायची की रात्री" इथपर्यंत आपण आलोय. म्हणजे विषय तुम्हीच काढलाय, मी फक्त पुढे नेते.

दुसरं कारण घरचं आहे. माझा मोठा भाऊ याच शाळेचा, आपल्यापेक्षा सहा वर्षं पुढे. कबड्डीच्या संघात होता, त्यामुळे पीटीच्या सरांना तो नक्की आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी त्याला मी एक किडनी दिली. आज तो ठीक आहे, मीही ठीक आहे. त्याला विचारूनच हे इथे सांगते आहे. तो म्हणाला, "सांग, पण रडवू नकोस. उपयोगाचं सांग." म्हणून उपयोगाचंच सांगते.

किडनी देणाऱ्याच्या तपासण्या बऱ्याच लांबलचक असतात. त्या काळात मी भावाचे जुने सगळे रिपोर्ट गोळा केले आणि आमच्या पेशाच्या सवयीने एका तक्त्यात मांडले. चाळिसाव्या वर्षी कंपनीच्या तपासणीत त्याचं बीपी १६०/१०० निघालं होतं. गोळी सुरू झाली, तीन महिन्यांत बीपी १३० वर आलं, बरं वाटायला लागलं, आणि गोळी बंद झाली. हे आपल्याकडे किती घरांत घडतं ते मी वेगळं सांगायला नको. त्या वर्षी त्याचं क्रिएटिनिन होतं १.१. बेचाळिसाव्या वर्षी १.३. चव्वेचाळिसाव्या वर्षी १.५. त्यानंतर पाच वर्षं एकही रिपोर्ट नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी पाय सुजले, जेवण जाईना, दम लागायला लागला म्हणून तपासलं, तेव्हा ७.८. त्याच आठवड्यात डायलिसिस सुरू झालं.

आता १.१, १.३ आणि १.५ हे आकडे ऐकून तुम्हाला काय वाटलं? दोन-दोन दशांशांचा फरक. पहिल्या दोन रिपोर्टांवर लॅबने साधी फुलीही मारली नव्हती, कारण आकडा छापील मर्यादेत होता. पण डॉक्टर वापरतात त्या सूत्रात तेच आकडे घातले की किडनीची गाळण्याची क्षमता निघते ८७, मग ७०, मग ५८. चार वर्षांत एक तृतीयांश काम गेलं होतं. त्यातल्या दोन रिपोर्टांत लघवीच्या रकान्यात "अल्ब्युमिन +" असंही छापलेलं होतं. माहिती कागदावर होती. ती एका ओळीत कुणी मांडली नव्हती, एवढंच.

आज मला सांगायचंय ते हेच. किडनी बिघडताना आतून हाक देत नाही. तिची हाक कागदावर येते, तीही वर्षानुवर्षांचे कागद शेजारी शेजारी ठेवले तर. आणि ती वेळेत ऐकली तर करण्यासारखं खूप असतं.

किडनीचं काम कसं चालतं ते आपण आठवी-नववीत शिकलो होतो. आकृती काढून नावं द्या, पाच गुण. त्या आकृतीत जे शिकलो त्यात थोडी भर घालते. एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा या मुठीएवढ्या दोन अवयवांकडे जातो. दिवसभरात १८० लिटर द्रव गाळला जातो. घरी पाण्याचे वीस लिटरचे जार येतात ना, तसे नऊ जार. त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे जातो, बाकी सगळं मीठ-पाणी मोजूनमापून परत रक्तात घेतलं जातं.

प्रत्येक गाळणी म्हणजे अतिशय बारीक केशवाहिन्यांचा गुंता. रक्त दाबाखाली आत येतं आणि त्या दाबानेच गाळलं जातं. म्हणजे किडनीचं काम दाबावरच चालतं, आणि नेमका तोच दाब वाढला की तिचं नुकसान होतं. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की गाळणीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि ताठ होतात, काही गाळण्यांना रक्त कमी पडून त्या सुकतात. उरलेल्या गाळण्या त्यांचं काम अंगावर घेतात. आमच्याकडे चार सर्व्हरांपैकी एक बंद पडला की त्याचा भार बाकीच्या तिघांवर जातो. वापरणाऱ्याला काही कळत नाही, पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. पण तिघे जास्त तापतात, आणि पुढचा बंद पडायची वेळ जवळ येते. किडनीत तसंच होतं. जास्त भाराने उरलेल्या गाळण्यांची जाळी सैल होते आणि जे प्रथिन बाहेर जाऊ नये ते, म्हणजे अल्ब्युमिन, लघवीत उतरायला लागतं. शिवाय कमी रक्त मिळणारी किडनी संप्रेरकं सोडून बीपी आणखी वाढवते. बीपीने किडनी बिघडते, किडनीने बीपी बिघडतं. हे रहाट एकदा फिरायला लागलं की आपोआप थांबत नाही, मध्ये हात घालून थांबवावं लागतं.

या शोधामागची एक गोष्ट इतिहासाच्या बाईंना आवडेल म्हणून सांगते. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. सूज आलेल्या रुग्णांची लघवी ते चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायचे. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी साकळायची. असे रुग्ण दगावल्यावर तपासलं की किडन्या बिघडलेल्या दिसायच्या. हे त्यांनी १८२७ मध्ये लिहिलं. पुढे १८७० च्या दशकात त्याच हॉस्पिटलमध्ये फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुण डॉक्टरने नाडीचा आलेख काढणारं यंत्र सुधारलं आणि दाखवलं की काही माणसांत लघवीत प्रथिन दिसण्याच्या आधीच नाडीतला दाब वाढलेला असतो. दाब आधी, किडनीची लक्षणं नंतर, हे त्याने तेव्हा सांगितलं. हा फ्रेडरिक म्हणजे पाटण्याहून इंग्लंडला गेलेल्या शेख दीन महोमेद यांचा नातू. वयाच्या पस्तिशीतच टायफॉइडने गेला. आज आपण दंडाला पट्टा बांधून बीपी मोजतो तो इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये आणला, आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचं-खालचं बीपी ठरवण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. म्हणजे दाब मोजणं आणि लघवीतलं प्रथिन बघणं या दोन तपासण्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत. आपल्याला कुठलंही नवं यंत्र नको आहे.

आता वहीत लिहायच्या तीन आकड्यांकडे येते.

पहिला आकडा बीपीचा. तो दवाखान्यात एकदा, घाईत, जिना चढून आल्यावर मोजलेला नको. घरी दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा आपल्या दंडाच्या मापाचा हवा, लहान पडला तर बीपी खोटं जास्त दिसतं. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी न घेता पाच मिनिटं शांत बसायचं. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही, आणि हे आपल्या वर्गाला सगळ्यात अवघड जाणार आहे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ती १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. काहींचं बीपी दवाखान्यात वाढतं आणि घरी ठीक असतं. काहींचं उलट असतं, दवाखान्यात १२८ आणि घरी १४५. हे दुसरे जास्त धोक्यात, कारण त्यांना कुणी काही म्हणत नाही.

दुसरा आकडा ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज. रक्तातलं क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावरून तो निघतो. बऱ्याच लॅब आता तो रिपोर्टवर छापतात. छापला नसेल तर डॉक्टरांना काढायला सांगा. नुसतं क्रिएटिनिन का पुरत नाही याचं एक उदाहरण देते. शेहेचाळीस वर्षांचे नवरा-बायको आहेत, दोघांचंही क्रिएटिनिन १.२. सध्या वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्राने नवऱ्याचा आकडा येतो ७६ च्या आसपास आणि बायकोचा ५७. क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होतं. बाईचे स्नायू कमी, त्यामुळे तिच्यासाठी तोच १.२ बराच जास्त असतो. ६० च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला तर त्याला किडनीचा दीर्घ आजार म्हणतात. १५ च्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची बोलणी सुरू होतात. आणि क्रिएटिनिन तर किडनीचं जवळपास निम्मं काम जाईपर्यंत छापील मर्यादेत राहू शकतं. म्हणून मैत्रिणींनो, "रिपोर्ट नॉर्मल आहे" असं कुणी म्हणालं तरी ईजीएफआर विचारा.

तिसरा आकडा सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे आणि तोच सगळ्यात आधी बोलतो. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, लॅबमध्ये त्याला एसीआर म्हणतात. सकाळची पहिली लघवी थोडीशी द्यायची, उपास नको, सुई नको. ३० च्या आत असेल तर उत्तम. ३० ते ३०० म्हणजे गाळणी झिरपायला लागली आहे. ३०० च्या वर म्हणजे बरीच झिरपते आहे. कंपन्यांच्या आणि लॅबच्या "फुल बॉडी" पॅकेजमध्ये लघवीची साधी तपासणी असते, पण त्यातली पट्टी थोडं अल्ब्युमिन पकडत नाही. एसीआर बहुतेक वेळा वेगळा मागावा लागतो. ईजीएफआर चांगला ९५ असताना एसीआर वाढलेला असू शकतो, आणि तेव्हाच कळलं तर हातात बरीच वर्षं असतात.

एक सावधगिरी. एकदा आकडा वाढलेला आला म्हणून रात्रभर जागू नका. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनीही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. जास्त मटण खाल्लं की क्रिएटिनिन थोडं वर जातं; जिममध्ये क्रिएटिनची पावडर घेणाऱ्यांचंही जातं. म्हणून तपासणी पुन्हा करतात आणि तीन महिने टिकतं का ते पाहतात. एका आकड्यापेक्षा ओळ महत्त्वाची.

आता तुम्ही म्हणाल, शरीर काहीच सांगत नाही का? सांगतं, पण उशिरा आणि हळू आवाजात. लघवीला दाट फेस येतो आणि रोज येतो, पाणी टाकूनही जात नाही. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. सकाळी डोळ्यांखाली सूज असते, संध्याकाळी मोज्याच्या खुणा पायावर खोल उमटतात. उगाच थकवा येतो. यांची दुसरी कारणंही असतात, पण यातलं काही असेल तर तपासायला निमित्त झालं असं समजा. मात्र लक्षणांची वाट पाहू नका. आणि "मला लघवी व्यवस्थित होते, म्हणजे किडनी चांगली" हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. भावाला शेवटच्या महिन्यापर्यंत लघवी भरपूर होत होती. त्यात पाणी होतं, बाहेर पडायला हवं होतं ते विष त्यात नव्हतं. तसंच कंबर दुखली म्हणजे किडनी गेली असंही नसतं. ती बहुतेक वेळा आपली खुर्ची असते.

कुणी जास्त जपायचं? ज्यांना बीपी किंवा मधुमेह आहे, हृदयाचा त्रास आहे, घरात कुणाला किडनीचा आजार झालाय, मुतखडे वारंवार होतात, संधिवातासाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या चालू आहेत. यात मधुमेह सगळ्यात पुढे. आणि मैत्रिणींनो, ज्यांना बाळंतपणात बीपी वाढलं होतं, पायांना सूज आणि लघवीत प्रथिन होतं, त्यांनी हे आवर्जून ऐका. बाळ झालं, बीपी उतरलं, सगळे विसरले. पण अशा बायकांना पुढच्या आयुष्यात बीपी आणि किडनीचा धोका जास्त असतो. ती गोष्ट आजच्या डॉक्टरांना सांगा, वीस वर्षं जुनी असली तरी.

आकडे वाढलेले आले तर काय? इथे चांगली बातमी आहे. बीपी आटोक्यात आणणं हा अर्धा उपचार आहे. त्यात रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा जातीच्या गोळ्या गाळणीच्या आतला दाबही कमी करतात आणि अल्ब्युमिनची गळती घटवतात. मुळात मधुमेहासाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांनाही उपयोगी पडतात, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. यांच्या जेनेरिक गोळ्या आपल्याकडे मिळतात. कुठली, किती, कुणाला, हे डॉक्टरच ठरवतील. गोळी सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगतात, ते टाळू नका. जुलाब-उलट्या लागल्या तर गोळ्यांचं काय करायचं ते फोन करून विचारा. आणि गोळीने बीपी उतरलं म्हणजे बीपी गेलं असं नाही. गोळीमुळे ते उतरलंय. चष्मा लावल्यावर नीट दिसतं म्हणून आपण चष्मा फेकत नाही.

उरलेला अर्धा उपचार आपल्या स्वयंपाकघरात आणि औषधांच्या डब्यात आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात सगळं आलं. आपल्या ताटात डाव्या बाजूला लोणचं, पापड, ठेचा, चटणी, मिसळीवर शेव-फरसाण, ताकात मीठ, वर पुन्हा मिठाची वाटी. सैंधव मीठ हेही मीठच आहे. बाजारात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. ज्यांची किडनी कमी चालते किंवा ज्यांना वर सांगितलेल्या गोळ्या चालू आहेत त्यांनी ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून महिनोन् महिने घेऊ नका. घटक न लिहिलेली चूर्णं आणि भस्मं, कुणी कितीही खात्रीने दिली तरी, तीही नकोत. तंबाखू सोडा. वजन थोडं उतरवा. प्रीतिसंगमावर फिरायला जाणारे आपल्यातले काही जण आहेतच, त्यांच्याबरोबर निघा.

आणि हे सगळं टळलं नाही तर? डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दरवेळी साधारण चार तास. वर्षाला दीडशेहून जास्त फेऱ्या. मधल्या दिवसांत पाणी मोजून प्यायचं. कऱ्हाडच्या उन्हाळ्यात मोजून पाणी पिणं काय असतं ते मी घरात बघितलंय. सरकारी योजना आहेत, महात्मा जोतिराव फुले योजनेत आणि जिल्हा रुग्णालयांतल्या डायलिसिस कार्यक्रमात अनेकांची सोय होते, आणि ते मोठं काम आहे. पण वेळ परत मिळत नाही. प्रत्यारोपणासाठी घरातला दाता जुळावा लागतो, नाहीतर यादीत नाव घालून थांबावं लागतं. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. तपासणीच्या बाकावर माझ्या शेजारी एक आई, एक बायको आणि एक सासू बसल्या होत्या. मी किडनी दिली त्याचं मला समाधान आहे, पुन्हा वेळ आली तरी देईन, पण दुसरी द्यायला आता नाही. म्हणून भाषण देते आहे.

मीही आता दरवर्षी हे तीन आकडे लिहिते. एका किडनीवर माझा ईजीएफआर ७० च्या आसपास आहे. दात्यासाठी तो अपेक्षितच असतो, राहिलेली किडनी थोडी मोठी होऊन जास्त काम करते. बीपी घरी मोजते, एसीआर वर्षातून एकदा. माझ्या वहीत आत्तापर्यंत दोन ओळी आहेत. कंटाळवाण्या आहेत, सरळ आहेत. अशीच कंटाळवाणी वही तुमच्या प्रत्येकाच्या घरी असावी, एवढंच मला मागायचंय.

आता कामाचं. हे सत्र संपलं की ग्रंथालयाच्या खोलीत आपले दोन डॉक्टर बीपीची यंत्रं घेऊन बसणार आहेत. तिथे बोलायला बंदी आहे. आजचा आकडा ही फक्त सुरुवात. गावी गेल्यावर सात दिवसांची वही करा, आणि या महिन्यात ईजीएफआर आणि एसीआर करून घ्या. दोन्ही मिळून हॉटेलातल्या दोघांच्या जेवणापेक्षा जास्त खर्च येत नाही. जुने रिपोर्ट कपाटातून काढा आणि तारखेप्रमाणे एका पानावर उतरवा. आकडे ग्रुपवर टाकू नका, ते तुमचे खासगी आहेत. ग्रुपवर फक्त एक शब्द टाका, "केलं". जो टाकणार नाही त्याला मी फोन करणार आहे, आणि माझ्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत.

सर, बाई, हे तुम्हालाही लागू आहे. तुम्ही आमच्या वह्या तीस वर्षांपूर्वी तपासल्यात. आता तुमची वही आम्हाला तपासू द्या. ग्रंथालयात पहिली रांग तुमची.